विमानतळ चकाचक, पण बॅग उचलणार कोण?

रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पानांवर विमानतळाचा विषय कशाला, असा प्रश्न काही साथींच्या मनात येईल. आपल्यापैकी कितीजण विमानात बसतात? आपला पास स्लीपरचा, आपली सुट्टी गावच्या जत्रेपुरती. त्या काचेच्या महालात जाणाऱ्या बड्या लोकांची सोय झाली काय आणि न झाली काय, आपल्याला त्याचे काय?

आम्ही सांगतो, आपल्याला त्याचे पुष्कळ आहे. गेली काही वर्षे मंत्र्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळे एकच पाढा म्हणत आहेत की, रेल्वे स्थानके आता विमानतळासारखी करायची. सार्वजनिक सेवा कशी असावी याचा नमुना म्हणून विमानतळ दाखवला जातो. खासगी मालक आला की फरशी चमकते, संडास स्वच्छ होतो, प्रवासी खूष होतो, आणि कायम सरकारी नोकर म्हणजे या सुखातला अडथळा, असे त्यातून सुचवले जाते. तेव्हा हा नमुना आपणही जवळून तपासला पाहिजे. उद्या तो आपल्याच फलाटावर येणार आहे. भोपाळच्या साथींकडे तर तो आलाही. खासगी भागीदारीतून नव्याने बांधलेल्या हबीबगंज स्थानकाचे, म्हणजे आताच्या राणी कमलापती स्थानकाचे, उद्घाटन १५ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले.

विमानतळावर फक्त शेठजी जातात हेही खरे नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर रात्री उभे राहून पाहावे. हातात प्लास्टिकची फाइल, दोरीने बांधलेले खोके आणि डोळ्यांत झोप घेऊन आखाती देशांत निघालेला सुतार, गवंडी, ड्रायव्हर तिथे दिसेल. कुणी रत्नागिरी-रायगडचा, कुणी उत्तर प्रदेश-बिहारचा. दहावी पास नसेल तर त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ हा शेरा असतो आणि १९८३ च्या कायद्याप्रमाणे ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची परवानगी लागते. आमच्यासारखे मॅट्रिक झालेले त्यातून सुटतात, तो सुटत नाही. पाटी वाचायला आणि फॉर्म भरायला त्याला माणूस लागतो. जानेवारी २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रे निघाली. म्हणजे अशा कित्येकांचा परदेशचा प्रवास आपल्या टपाल कार्यालयाच्या खिडकीपाशी सुरू होतो. हा प्रवासी आपलाच आहे. त्याची सोय ती आपली सोय.

प्रवाशाला हवे तरी काय?

सल्लागार कंपन्या यावर जाडजूड अहवाल करतात. आम्हाला अहवालाची गरज वाटत नाही. तीस-पस्तीस वर्षे फलाटावर उभे राहून प्रवासी काय मागतो ते आपण शिकलो आहोत. रांग लवकर सरकावी. म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची आणि चालवायला हात मिळावा. सामान वेळेवर हाती यावे. संडास स्वच्छ असावा. चहा-पाणी परवडावे. आणि गाडी किंवा विमान सुटायला उशीर झाला तर तोंडावर खरे सांगणारा कुणी समोर असावा. झाल्या सहा गोष्टी. विमानतळ असो की मनमाड जंक्शन, मागणी हीच.

आता या सहा गोष्टी कोण देतो ते पाहावे. रांग सरकवणारा तपासणीचा जवान आणि काउंटरवरचा कारकून. खुर्ची ढकलणारा मदतनीस. सामान उतरवणारा लोडर. संडास धुणारा सफाई कामगार. चहा देणारा पोऱ्या. खरे सांगणारा कर्मचारी. सहाच्या सहा जागी माणूस आहे. संगमरवर, काचेच्या भिंती, रंगीत पडदे यांतले काहीही बॅग उचलत नाही. म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. प्रवाशाची सोय म्हणजे कामावर असलेला पुरेसा, विश्रांती घेतलेला आणि नोकरीची हमी असलेला कामगार. जो कामगार कापतो तो प्रवाशाची सोय कापतो, मग त्याने वर कितीही झुंबरे टांगोत.

हे आम्ही हवेत बोलत नाही. एकेक गोष्ट घेऊ.

रांग आणि जवान

डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलवर गर्दीचा कहर झाला. प्रवेशद्वारापासून तपासणीपर्यंत माणसांचे लोंढे, कितीकांची विमाने चुकली. अखेर १२ डिसेंबरला नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना स्वतः तिथे यावे लागले. मग उपाय काय झाला? जादा क्ष-किरण यंत्रे बसवली आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जादा जवान आणले. यंत्र बसवले तरी त्याच्या पडद्याकडे पाहणारा आणि ट्रे पुढे सरकवणारा माणूस लागलाच.

आणि त्याच वर्षी, या गोंधळाच्या तीनच महिने आधी, काय बातमी आली होती? देशातील विमानतळांवरची या दलाची ३,०४९ पदे रद्द करून कमी महत्त्वाच्या जागांवर १,९२४ खासगी रक्षक ठेवण्याची. वजाबाकी करावी. ३,०४९ मधून १,९२४ गेले, उरले १,१२५. एवढे हात कमी, आणि करोनानंतर प्रवासी तर वाढत होते. शिवाय गेले ते प्रशिक्षित जवान, येणार ते कंत्राटी रक्षक. सप्टेंबरात पदे रद्द झाल्याची बातमी वाचायची आणि डिसेंबरात जवानांसाठी धावाधाव करायची, याला नियोजन म्हणतात काय?

१ डिसेंबर २०२२ पासून काही विमानतळांवर चेहरा ओळखणारी ‘डिजी यात्रा’ पद्धत सुरू झाली. यंत्राशी आमचे वैर नाही. पण यंत्र दाखवून पदे मोडायची, आणि यंत्र अडले की उरलेल्या एका माणसाला शंभर प्रवाशांच्या शिव्या खायला पुढे करायचे, हे आम्हाला मान्य नाही. आरक्षण खिडक्यांवरचे साथी हा अनुभव रोज घेतात.

खुर्ची

१२ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईच्या विमानतळावर जे घडले ते वाचून कुणाचेही काळीज हलेल. न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह उतरले. चाकांच्या खुर्च्या दोघांनीही आधी सांगून ठेवल्या होत्या. मिळाली एकच. ती पत्नीला दिली आणि ते स्वतः चालत निघाले. इमिग्रेशनपर्यंत चालून गेल्यावर ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड केला.

ही घटना कुठल्या पडक्या शेडमध्ये घडली नाही. १० जानेवारी २०१४ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या, भिंतींवर देशभरची कला मांडलेल्या, पारितोषिके मिळवणाऱ्या विमानतळावर घडली. कला असावी, आम्हाला तिचा अभिमानच आहे. पण खुर्ची हवी असलेल्या म्हाताऱ्याला मोराचे चित्र काय कामाचे? खुर्च्या विकत घेणे सोपे असते. प्रत्येक खुर्चीमागे एक माणूस उभा करावा लागतो आणि त्या माणसाला दरमहा पगार द्यावा लागतो. तिथेच मालकाचा हात आखडतो. दंड भरून खाते मिटले, पण खुर्चीमागे माणसे किती वाढली हे कुणी विचारले का?

बॅग

त्याच फेब्रुवारीत नागरी विमान सुरक्षा ब्युरोने सात विमान कंपन्यांना फर्मान काढले. विमानाचे इंजिन बंद झाल्यापासून दहा मिनिटांत पहिली बॅग आणि तीस मिनिटांत शेवटची बॅग पट्ट्यावर आलीच पाहिजे. फर्मान चांगले आहे, प्रवाशाला ते हवेच. पण फर्मानात मिनिटे असतात, माणसे नसतात. विमानाच्या पोटात वाकून, मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या डांबरावर उभे राहून, तीस-तीस किलोच्या बॅगा ओढणाऱ्या टोळीत किती माणसे असावीत, एका पाळीत त्यांनी किती विमाने रिकामी करावीत, पाठ गेली तर त्यांना कोण सांभाळणार? आर.एम.एस.च्या साथींना हे वेगळे सांगायला नको. सहारच्या विमानतळ सॉर्टिंग ऑफिसात येणारी टपालाची थैलीसुद्धा विमानातून आपोआप उडी मारून येत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना तीस मिनिटे दिसतात, तीस किलो दिसत नाहीत.

मग काम करायला माणसे मिळत नाहीत म्हणावे, तर तेही नाही. १६ जुलै २०२४ ला मुंबईत कलिन्याला विमानतळावरील हमालीच्या सुमारे २,२०० जागांसाठी थेट मुलाखती होत्या. हजारो तरुण लोटले. पदवीधर आले, दूरदूरच्या जिल्ह्यांतून रात्रीची गाडी धरून आले. चेंगराचेंगरी होईल अशी वेळ आली, तेव्हा अर्ज ठेवून घरी जा असे सांगावे लागले. आणि ही भरती कोणाची? सरकारी मालकीच्या कंपनीची! नोकरी कसली? मुदतीच्या कराराची! हात रिकामे आहेत, काम पडून आहे, प्रवासी खोळंबला आहे, तरी या तिघांची कायम गाठ घालून द्यायची नाही, हे आहे नवे धोरण.

चहाचा कप

विमानतळावरच्या चहाच्या किमतीवर संसदेतसुद्धा आवाज उठला. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये पहिले ‘उडान यात्री कॅफे’ निघाले. तिथे दहा रुपयांत चहा, दहा रुपयांत पाण्याची बाटली, वीस रुपयांत समोसा. ते कुठे निघाले? कोलकात्याला. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईला. हे दोन्ही विमानतळ सार्वजनिक भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात आहेत. दहा रुपयांच्या चहाची सुरुवात करायला सरकारला सरकारी विमानतळच सापडला, हे ध्यानात ठेवावे.

तसे का होते? खासगी विमानतळाचे गणित वेगळे असते. २००६ च्या करारांप्रमाणे दिल्लीच्या चालकाला एकूण उत्पन्नातले ४५.९९ टक्के आणि मुंबईच्या चालकाला ३८.७ टक्के प्राधिकरणाला द्यायचे होते. राहिलेल्यातून कर्ज फेडायचे आणि नफा काढायचा. तो निघणार प्रवाशाच्या खिशातून आणि कामगाराच्या पगारातून, तिसरी खाण नाही. २००९ मध्ये काय झाले आठवावे. मुंबईहून देशात जाणाऱ्या प्रवाशावर १०० रुपये आणि परदेशी जाणाऱ्यावर ६०० रुपये, दिल्लीत २०० आणि १,३०० रुपये असे ‘विकास शुल्क’ बसले. विमानतळ मालकाचा, बांधकामाची वर्गणी प्रवाशाची! २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियामक प्राधिकरणाने ठरवल्याशिवाय केलेली अशी वसुली बेकायदा ठरवली. तोवर दोन वर्षे प्रवासी भरत होता, आणि पुढे नियामकाच्या शिक्क्याने शुल्क चालूच राहिले.

उशीर झाला तेव्हा

जानेवारी २०२४ मध्ये धुक्यामुळे गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान मुंबईला वळवले. कंटाळलेले प्रवासी खाली उतरून विमानाशेजारीच डांबरावर बसून जेवू लागले. ते छायाचित्र देशभर गाजले. सुरक्षा ब्युरोने विमान कंपनीला १ कोटी २० लाख आणि मुंबई विमानतळाच्या चालकाला ६० लाख रुपये दंड केला. धुके कुणाच्या हातात नव्हते. पण प्रवाशांना आत नेऊन बसवणे, जेवू घालणे आणि खरे काय ते सांगणे यासाठी माणसे लागतात.

त्यापेक्षा मोठा धडा डिसेंबर २०२५ चा. वैमानिक थकलेले असू नयेत म्हणून नवे नियम झाले होते. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास, आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. तारीख कित्येक महिने आधी ठाऊक होती. तरी देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक प्रवासी नेणाऱ्या इंडिगोकडे पुरेसे वैमानिक तयार नव्हते. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात हजारो उड्डाणे रद्द झाली. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया, परीक्षेला निघालेली मुले विमानतळांवर अडकली, बॅगांचे डोंगर साचले. आणि सरकारने काय केले? त्या कंपनीला विश्रांतीच्या नियमांतूनच तात्पुरती सूट दिली! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय? माणसे कमी ठेवली कंपनीने, झोप गेली वैमानिकाची, आणि सुरक्षितता गेली प्रवाशाची.

आपले लोको पायलट साथी मुख्यालयातील १६ तास आणि साप्ताहिक ३० तास मिळून ४६ तासांची विश्रांती वर्षानुवर्षे मागत आहेत. त्यांना सांगतात की, असे केले तर गाड्या चालणार कशा? विमानातला साहेब वैमानिक आणि इंजिनातला आपला चालक, दोघांनाही मालकाचे उत्तर एकच आहे. म्हणून आम्ही म्हणतो, ही लढाई एक आहे.

‘सरकारी होते तेव्हा घाण होती’

आमच्यावर हा बाण हमखास सुटणार. जुन्या सहार विमानतळावर डास होते, संडास तुंबत, रांगा लागत, हे कबूल करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. पण त्याचे कारण मालकी सरकारी हे होते काय? विमानतळ प्राधिकरण तोट्यात नव्हते. दिल्ली आणि मुंबई ही तर त्याची दुभती जनावरे. ती दोन्ही सोडून दिली आणि मग म्हणायचे की, बाकीचे विमानतळ पोसायला पैसा कुठे आहे!

१ फेब्रुवारी २००६ रोजी देशभरच्या विमानतळ कर्मचाऱ्यांनी या खासगीकरणाविरुद्ध काम बंद केले. चार दिवस तो लढा चालला. पोलीस आणले, वर्तमानपत्रांनी प्रवाशांचे हाल रंगवले. नोकऱ्या जाणार नाहीत असे आश्वासन पंतप्रधानांकडून आल्यावर संप मिटला. त्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे नुसते ‘नको’ असे नव्हते. आमचे प्राधिकरण स्वतः आधुनिकीकरण करू शकते, आम्हाला करू द्या, असे ते म्हणत होते. ते खोटे नव्हते याची साक्ष कोलकाता आणि चेन्नईने दिली. याच प्राधिकरणाने तिथे नवी टर्मिनल्स बांधली आणि दोन्हींची उद्घाटने जानेवारी २०१३ मध्ये झाली. चेन्नईला पुढे काचा निखळल्या, हे खरे आहे. पण त्यावरून सार्वजनिक मालकीला नावे ठेवणाऱ्यांनी २८ जून २०२४ ची पहाटही आठवावी. दिल्लीच्या पहिल्या टर्मिनलचे बाहेरचे छत कोसळून एका टॅक्सीचालकाचा जीव गेला. तो विमानतळ २००६ पासून खासगी चालकाच्या हाती आहे. मेला कोण? पोटासाठी गाडी घेऊन उभा असलेला कष्टकरी.

आणि स्पर्धा येईल, स्पर्धेने सेवा सुधारेल, हे जे सांगत होते त्याचे काय झाले? फेब्रुवारी २०१९ मध्ये सहा विमानतळांच्या बोली निघाल्या. एकाच उद्योगसमूहाला दोनापेक्षा जास्त देऊ नयेत, असे अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाने आधी सुचवले होते. सहाही अदानी समूहाकडे गेले. जुलै २०२१ मध्ये मुंबईचाही ताबा त्याच समूहाकडे आला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळातही ७४ टक्के भाग त्याच समूहाचा, २६ टक्के सिडकोचा. मुंबईच्या प्रवाशाने एका विमानतळावर रागावून दुसऱ्यावर जायचे म्हटले तरी मालक तोच. याला स्पर्धा म्हणतात?

झाडू ‘मुख्य काम’ नाही म्हणे!

आता या सगळ्याच्या मुळाशी जाऊ. विमानतळावरचा झाडू, ट्रॉली, बॅग आणि पहारा ही कामे बारा महिने तेरा काळ चालतात. तरी ती कंत्राटी कशी?

केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ ला अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडलोट, सफाई आणि पहाऱ्यासाठी कंत्राटी कामगार ठेवायला बंदी केली होती. तिच्या आधारे एअर इंडियाच्या मुंबईतील सफाई कामगारांनी न्यायालयात झुंज दिली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कंत्राट बंद झाले की ते कामगार मुख्य मालकाचे. पाचही वर्षे झाली नाहीत तोच ३० ऑगस्ट २००१ ला स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात मोठ्या पीठाने तो निकाल फिरवला. कंत्राट बंद झाले तरी कामगार आपोआप कायम होत नाही असे ठरले, आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द झाली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा गेला. नव्या संहितेत ‘मुख्य काम’ कंत्राटाने करू नये असे लिहिले आहे. वाचून बरे वाटते. पण खाली बारीक अक्षरांत सफाई, पहारा, उपाहारगृह, माल चढवणे-उतरवणे यांसारखी कामे मुख्य कामातून वगळली आहेत. आस्थापनेचा धंदाच तो असेल तेवढा अपवाद. मालक म्हणणार, आमचा धंदा विमानतळाचा, झाडूचा नव्हे. नाव मोठे लक्षण खोटे!

आम्ही विचारतो, विमानतळाचे मुख्य काम तरी कोणते? प्रवाशाला दहा जणांनी विचारले की विमानतळ कसा होता, तर तो काय सांगतो? संडास स्वच्छ होता की नाही, बॅग लवकर आली की नाही. सेवेच्या दर्जाचे पारितोषिक देणारेही प्रवाशाला हेच विचारतात. म्हणजे पारितोषिक ज्या कामाला, ते काम मुख्य नाही! ढाल केबिनमध्ये, आणि ती जिंकून देणारा कामगार कंत्राटदार बदलला की गेटाबाहेर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आपल्या फलाटासाठी धडा

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. १५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्ली स्थानकावर १८ गेली. त्या माणसांना संगमरवर नको होता. रुंद पूल, वेळेवर व एकच उद्घोषणा, आणि गर्दी वळवायला जागोजाग उभी असलेली माणसे हवी होती. स्थानक विमानतळासारखे करायचे म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे, विमानतळाचे काय घेणार? झुंबर घेणार, की प्रत्येक फाटकावरचा माणूस घेणार?

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

१. प्रत्येक आंतरराष्ट्रीय विमानतळावर आणि मोठ्या स्थानकावर गर्दीच्या वेळेच्या प्रवासीसंख्येप्रमाणे तपासणी, मदत, सफाई व सामान हाताळणीची पदे ठरवावीत आणि ती संख्या प्रवाशांना दिसेल अशी फलकावर लावावी.

२. बारमाही काम करणाऱ्यांना कायम करावे. तोवर समान कामाला समान वेतन द्यावे, आणि कंत्राटदार बदलला तरी कामगार बदलू नये.

३. आधी मागितलेली चाकांची खुर्ची मदतनीसासह विमानाच्या दारातच मिळावी.

४. वैमानिक, लोको पायलट, लोडर, कुणाच्याही विश्रांतीच्या नियमांतून मालकाला सूट देऊ नये.

५. दहा रुपयांचा चहा व पाणी प्रत्येक टर्मिनलवर मिळावे; खासगी चालकाच्या करारातच ही अट घालावी.

६. प्रथमच परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी त्यांच्या भाषेत बोलणारा कर्मचारी चोवीस तास ठेवावा.

७. विमानतळाच्या आणि रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समित्यांवर कामगार संघटनांचे प्रतिनिधी घ्यावेत.

साथींनो, प्रवासी आणि कामगार यांना एकमेकांसमोर उभे करायचे, हा मालकांचा जुना डाव आहे. खिडकीवर एकच कारकून ठेवायचा, रांग लांबली की प्रवाशाचा राग त्याच्यावर फुटतो आणि पद मोडणारा साहेब वर वातानुकूलित खोलीत सुखरूप राहतो. हा डाव आपणच उधळू शकतो. येत्या महिन्यात आपापल्या शाखांच्या द्वारसभांत हा विषय घ्यावा. भुसावळ, नागपूर, सोलापूर, भोपाळ, हुबळी, जिथे जिथे आपले साथी आहेत, तिथल्या प्रवासी संघटनांना बोलवावे आणि या सात मागण्यांचे पत्रक फलाटावर व टपाल कार्यालयाच्या दारात वाटावे. सहारच्या लोडर आणि सफाई कामगारांच्या सभेला आपला लाल बावटा गेला पाहिजे.

प्रवाशाला सांगायचे एवढेच की, दादा, ताई, तुमची बॅग उचलणारा हात कायम झाला तरच तुमची सोय कायम होईल.

प्रवासी-कामगार एकजुटीचा विजय असो!